एक पिन अधिकृत, बाकी सगळ्या चोरवाटा: व्हीसीओ मोजायचा कसा

ज्यांच्या घरी ऐंशी-नव्वदच्या दशकातला टीव्ही होता त्यांना आठवेल, पुढच्या बाजूला एक छोटी झडप असायची आणि ती उघडली की आत ओळीने बारीक चाकं. फिरवायला एक प्लास्टिकची काडी यायची, जी पहिल्या महिन्यातच हरवायची, मग काडेपेटीतल्या काडीने नाहीतर नखाने चाक फिरवत बसायचं आणि गच्चीवर अँटेना धरून उभ्या असलेल्या भावाला खालून ओरडायचं, "आलं आलं, थांब, हलू नकोस!" चित्र लागलं की झडप बंद. अर्ध्या तासाने टीव्ही तापला की चित्रात परत मुंग्या.

तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं पण आपण व्हीसीओच ट्यून करत होतो. व्हीसीओ म्हणजे व्होल्टेज कंट्रोल्ड ऑसिलेटर. त्या प्रत्येक चाकामागे एक छोटा पोटेन्शिओमीटर होता, तो शून्य ते तीसेक व्होल्टमधला एक व्होल्टेज ट्यूनरला द्यायचा आणि त्या व्होल्टेजवर आतल्या ऑसिलेटरची फ्रिक्वेन्सी ठरायची. हे तीस व्होल्ट जागचे हलू नयेत म्हणून टीएए५५० नावाचा ३३ व्होल्टचा दोन पायांचा एक पार्ट असायचा, आणि तो म्हातारा झाला की सगळे चॅनल एकदम सरकायचे. जुन्या टीव्ही मेकॅनिकला विचारा, चॅनल सरकतात म्हटलं की त्याचा हात आधी तिकडेच जायचा.

म्हणजे व्हीसीओची मुख्य तक्रार आपल्याला लहानपणापासून माहितीये: तो एका जागी बसत नाही. आणि व्हीसीओ मोजणं, त्याचं कॅरॅक्टरायझेशन वगैरे जे काही म्हणतात, ते सगळं शेवटी याच एका तक्रारीची बारीक चौकशी आहे.

आधी दोन मिनिटं आत डोकावू. ऑसिलेटर म्हणजे स्वतःच गाणारं सर्किट. कॉइल आणि कपॅसिटर यांची जोडी एका ठराविक सुरात घुमते आणि ट्रान्झिस्टर त्यांना ढकलत राहतो, झोपाळ्याला झोका देत राहावं तसा. कपॅसिटर मोठा केला की सूर खाली, लहान केला की वर. फक्त हे सरळ प्रमाणात नाही, वर्गमुळात आहे, म्हणजे फ्रिक्वेन्सी दुप्पट करायची तर कपॅसिटन्स एक चतुर्थांशावर आणावा लागतो. जुन्या रेडिओत हे काम हाताने व्हायचं, बटण फिरवलं की आतल्या गँग कंडेन्सरच्या पत्र्या एकमेकीत शिरायच्या. व्हीसीओत त्या पत्र्यांच्या जागी व्हॅरॅक्टर डायोड असतो. डायोडला उलटा व्होल्टेज दिला की आतला रिकामा पट्टा रुंद होतो, जणू कपॅसिटरच्या दोन पत्र्या लांब गेल्या, कपॅसिटन्स कमी, फ्रिक्वेन्सी वर. हा गुण थोडाफार सगळ्याच डायोडमध्ये असतो, अगदी दोन रुपयांच्या १एन४००७ मध्येसुद्धा, आणि हौशी लोक तोच लावून काम भागवतात. सतारवाला तार बाजूला ओढून मींड घेतो ना, तसं आपण व्होल्टेजने ताण वाढवतोय एवढंच.

आज हे सगळीकडे आहे. मोबाइलमध्ये, वायफाय राउटरमध्ये, गाडीच्या पुढच्या बंपरमधल्या ७७ गिगाहर्ट्झच्या रडारमध्ये, विमानाची जमिनीपासूनची उंची सांगणाऱ्या ४.२ ते ४.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ अल्टिमीटरमध्ये.

आता मुद्दा. व्हीसीओला ट्यूनिंगची पिन एकच असते, त्याच्या चिठ्ठीवर तसं लिहिलेलंही असतं. पण सर्किटचा स्वभावच असा की जरा काही बदललं की सूर बदलायचा, आणि त्याला कुठे माहितीये की हा बदल ट्यूनिंग पिनवरून आला का सप्लायमधून, पलीकडे लावलेल्या केबलमधून, पंख्याच्या वाऱ्यातून की तुमच्या हातामुळे. त्याच्या दृष्टीने सगळे सारखेच. एक अधिकृत दार आणि पाच-सहा चोरवाटा. डेटाशीटमध्ये जे भारदस्त शब्द दिसतात, पुशिंग, पुलिंग, ड्रिफ्ट, फेज नॉइज, ते म्हणजे एकेका चोरवाटेचं नाव आणि ती किती रुंद आहे याचं माप. हे डोक्यात बसलं की बाकीचं पाठ करावं लागत नाही.

अधिकृत दारापासून सुरू करू. ट्यूनिंग कर्व्ह, म्हणजे ट्यूनिंग व्होल्टेज पायरी-पायरीने वाढवायचा आणि प्रत्येक पायरीला फ्रिक्वेन्सी लिहून घ्यायची. वाटतं की हे काय, पोरखेळ. करायला बसलं की कळतं.

माझ्या टेबलावर एक घरी बनवलेला कोलपिट्स जातीचा व्हीसीओ आहे, पेढ्यांच्या पत्र्याच्या डब्यात बसवलेला (डबा मुद्दाम पत्र्याचा, पुढे सांगतो). त्याचं वहीतलं पान असं: १ व्होल्टला ७१.२ मेगाहर्ट्झ, २ ला ७६.९, ३ ला ८१.०, ४ ला ८४.२, आणि वरच्या टोकाला ९ व्होल्टला ९४.६, १० ला ९६.०. आता नुसती फ्रिक्वेन्सी बघू नका, दोन ओळींमधला फरक बघा. १ ते २ व्होल्टमध्ये ५.७ मेगाहर्ट्झ सरकला आणि ९ ते १० मध्ये फक्त १.४. तोच व्हीसीओ, तोच एक व्होल्ट, पण खालच्या टोकाला चौपट चपळ. या फरकाला ट्यूनिंग सेन्सिटिव्हिटी म्हणतात, बोलताना सगळे केव्हीसीओ म्हणतात, एकक मेगाहर्ट्झ पर व्होल्ट.

चौपट फरकाने काय बिघडतं? व्हीसीओ सहसा एकटा सोडत नाहीत, त्याला पीएलएलमध्ये (फेज लॉक्ड लूपमध्ये) बांधतात, म्हणजे एक राखणदार त्याची फ्रिक्वेन्सी सारखी क्रिस्टलशी ताडून बघतो आणि व्होल्टेज कमी-जास्त करून त्याला जागेवर ठेवतो. राखणदाराने किती जोरात ओढायचं ते केव्हीसीओ धरूनच ठरवलेलं असतं. खालच्या टोकासाठी हिशोब केला तर वरच्या टोकाला लूप सुस्त पडतो, आणि वरच्यासाठी केला तर खाली तोच लूप थयथयाट करायला लागतो. म्हणून नुसतं "७१ ते ९६ मेगाहर्ट्झ" हे उत्तर अर्धवट आहे, उतार कुठे किती आहे ते सांगितलं तरच समोरचा माणूस काही डिझाइन करू शकतो. रडारमध्ये तर याहून वाईट, तिथे फ्रिक्वेन्सी वेळेबरोबर अगदी सरळ रेषेत चढायला हवी, कर्व्ह वाकडा असेल आणि तो सरळ करून घेतला नसेल तर एकाच गाडीचा प्रतिध्वनी पसरट होतो आणि अंतर नीट कळत नाही.

मोजताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, सर्किट चालू करून किमान पंधरा-वीस मिनिटं गप्प बसा, चहा घेऊन या, कारण ट्रान्झिस्टर आणि कॉइल गरम होईपर्यंत फ्रिक्वेन्सी सरकत राहते आणि तुम्हाला वाटतं तुम्ही कर्व्ह काढताय, प्रत्यक्षात अर्धा कर्व्ह व्होल्टेजचा आणि अर्धा तापमानाचा निघतो. दोन, व्होल्टेज चढवताना जसं वाचन घेतलं तसंच उतरवतानाही घ्या. दोन्ही जुळले तर ठीक, नाही जुळले तर काहीतरी अजून स्थिर झालेलं नाही.

अजून एक गंमत खालच्या टोकाला. ट्यूनिंग व्होल्टेज अर्ध्या व्होल्टवर आणला की माझा व्हीसीओ विचित्र वागतो, फ्रिक्वेन्सी थरथरते. कारण ऑसिलेटरचा स्वतःचा सिग्नलही त्या व्हॅरॅक्टरवर पडतोय, तो एक-दीड व्होल्ट हलतो, आणि प्रत्येक फेरीत थोडा वेळ डायोड उलटा राहतच नाही, सुलटा होऊन करंट प्यायला लागतो. म्हणून चांगल्या डिझाइनमध्ये दोन व्हॅरॅक्टर पाठीला पाठ लावून बसवतात, एक सुलटा व्हायला लागला की दुसरा सावरून धरतो. तेव्हा कर्व्हच्या खालच्या कोपऱ्यावर फार विश्वास टाकू नका, आणि ० ते १ व्होल्टमधली "मोफत" रेंज मोजून खूश तर अजिबात होऊ नका.

मोजायला काय लागतं? फ्रिक्वेन्सी काउंटर असेल तर उत्तमच, एक सेकंदाचा गेट ठेवला की एक हर्ट्झपर्यंत वाचता येतं. पण काउंटर भोळा असतो, सिग्नलमध्ये दुसरा हार्मोनिक, म्हणजे दुप्पट फ्रिक्वेन्सीचा सूर, तगडा असेल तर तो बिनदिक्कत दुप्पट आकडा दाखवतो, आणि नवखा माणूस आनंदाने १४२ मेगाहर्ट्झ लिहून घेतो. म्हणून स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरवर (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती सिग्नल ते दाखवणाऱ्या यंत्रावर) एकदा डोळ्याने बघावं. महागडा नसला तर हल्ली टायनीएसएसारखी खिशात मावणारी मशीन मिळतात, तेही नसलं तर आरटीएल-एसडीआर डाँगल, म्हणजे कॉम्प्युटरला लावायचा छोटा रिसीव्हर, जो साधारण २४ ते १७६६ मेगाहर्ट्झ ऐकतो. डाँगलचा वॉटरफॉल, म्हणजे वेळेबरोबर खाली सरकणारं सिग्नलचं चित्र, लावून ठेवा आणि व्हीसीओवर नुसती फुंकर मारा. सरळ खाली उतरणारी रेघ वाकताना दिसते. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा घरच्यांना बोलावून दाखवलं होतं, त्यांनी "बरं" म्हटलं आणि गेले.

आणि प्रोब. हे मात्र सगळ्यांकडून एकदा तरी होतंच. ऑसिलेटर चालतोय का बघायला ऑसिलोस्कोपचा प्रोब थेट कॉइलवर लावला. साध्या प्रोबचं टोक म्हणजे दहा-पंधरा पिकोफॅरडचा कपॅसिटर असतो. हिशोब करा, १०० नॅनोहेन्रीची कॉइल आणि २५ पिकोफॅरड असेल तर सूर लागतो १०० मेगाहर्ट्झच्या आसपास, त्यात प्रोबचे १० मिळवले की थेट ८५ च्या आसपास. म्हणजे प्रोब लावला तेव्हा तुम्ही वेगळाच ऑसिलेटर मोजलात आणि प्रोब काढला की तो आकडा खोटा ठरला. व्हीसीओ कायम त्याच्या आउटपुटवरूनच, शक्यतो मध्ये एक अ‍ॅटेन्युएटर पॅड (सिग्नल मुद्दाम कमी करणारा तुकडा) ठेवून मोजायचा. टाकीला हात लावायचा नाही, टाकी म्हणजे ती कॉइल-कपॅसिटरची जोडी. पत्र्याचा डबाही त्यासाठीच, नाहीतर आपला हात जवळ आला तरी तो एक कपॅसिटरच.

आता चोरवाटा. सगळ्यात सोपी सप्लायची. ट्यूनिंग व्होल्टेज घट्ट धरून ठेवायचा, १२ व्होल्टचा सप्लाय ११.५ करायचा, मग १२.५ करायचा आणि फ्रिक्वेन्सी किती हलली ते बघायचं. याला पुशिंग म्हणतात, तेही मेगाहर्ट्झ पर व्होल्टमध्येच. एकच खबरदारी, ट्यूनिंगचा व्होल्टेज त्याच सप्लायमधून पॉटने (पोटेन्शिओमीटरने) घेतला असेल तर सप्लाय हलवला की तोही हलणार आणि दोन्हींची भेळ होणार. दोन वेगळे स्रोत हवेत.

दुसरी वाट आउटपुटची. व्हीसीओचा सिग्नल पलीकडच्या सर्किटवर आदळून थोडा परत येतो, आणि तो परत आलेला भाग कधी सुरात सूर मिळवतो, कधी उलट ढकलतो, त्याप्रमाणे फ्रिक्वेन्सी सरकते. हे पुलिंग. हे मोजायची युक्ती मला फार आवडते कारण तिला काहीच महागडं लागत नाही. ६ डीबीचा (डीबी म्हणजे डेसिबल, सिग्नल किती पटीने कमी-जास्त ते सांगायचं एकक) एक अ‍ॅटेन्युएटर घ्यायचा आणि त्याचं दुसरं टोक उघडं सोडायचं. सिग्नल जाताना ६ डीबी कमी होतो, उघड्या टोकावरून पूर्ण परत फिरतो, येताना अजून ६ डीबी कमी होतो, म्हणजे बरोबर १२ डीबी कमी होऊन परत पोचतो. डेटाशीटमध्ये पुलिंगचा आकडा बऱ्याचदा याच १२ डीबी रिटर्न लॉसला दिलेला असतो. राहिला प्रश्न फेजचा, कारण परत येणारा सिग्नल कुठल्या वेळी पोचतो त्यावर तो वर ओढणार की खाली हे ठरतं. त्यासाठी मधली लांबी बदलत न्यायची. लाइन स्ट्रेचर नावाचं यंत्र असतं, ते नसेल तर वेगवेगळ्या लांबीच्या केबल आणि अ‍ॅडॉप्टर जोडत जायचं, अर्ध्या तरंगलांबीइतकी लांबी वाढली की सगळी फेरी पूर्ण होते. त्यात दिसलेली सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची फ्रिक्वेन्सी, त्यांच्यातला फरक म्हणजे पुलिंग. आउटपुटला बफर अ‍ॅम्प्लिफायर लावून परत मोजा, आकडा धपकन पडलेला दिसतो आणि बफरचे पैसे कशाला द्यायचे ते कळतं.

ही ओढाओढ नवीन नाही बरं का. १६६५ मध्ये हायगेन्सने बघितलं होतं की एकाच आधारावर टांगलेली लंबकाची दोन घड्याळं आपोआप एका तालात येतात. टेबलावर दोन व्हीसीओ जवळजवळ सारख्या फ्रिक्वेन्सीला चालवले तर तेच होतं, एक दुसऱ्याला खेचतो आणि तुम्ही ट्यूनिंग फिरवताय तरी थोडा वेळ फ्रिक्वेन्सी हलतच नाही, मग एकदम उडी. कर्व्हमध्ये मध्येच अशी सपाट पायरी दिसली तर आधी आजूबाजूला दुसरं काय चालू आहे ते बघा.

तापमान (डेटाशीटमधला ड्रिफ्ट) फार सोपं आहे आणि फार कंटाळवाणं, ओव्हनमध्ये ठेवून वाट बघणं एवढंच, घरी हेअर ड्रायर चालतो पण त्यातून आकडा काढू नका, फक्त दिशा कळते. ठोकून बघायची चाचणी मात्र जरूर करा. पेन्सिलच्या मागच्या रबराने डब्यावर टकटक करायचं आणि स्क्रीन बघायचा. कॉइल हलली की सिग्नल थरथरतो, याला मायक्रोफोनिक्स म्हणतात. कॉइलवर मेण ओतलं की बराच शांत होतो.

या सगळ्यात सगळ्यात फसवी वाट म्हणजे खुद्द अधिकृत दार. तिथून तुमचा व्होल्टेज आत जातो आणि त्याच्याबरोबर बिनतिकिटाचे बरेच प्रवासी.

समजा केव्हीसीओ १० मेगाहर्ट्झ पर व्होल्ट आहे. ट्यूनिंगवर फक्त १ मिलिव्होल्ट रिपल, म्हणजे व्होल्टेजची बारीक लहर, आला तर फ्रिक्वेन्सी १० किलोहर्ट्झ मागेपुढे डोलणार. मिलिव्होल्टला! ज्या सप्लायचं आपण "अगदी क्लीन आहे" म्हणून कौतुक करतो त्याचा रिपल एक मिलिव्होल्ट असतो. मी एकदा दोन दिवस एका स्परच्या, म्हणजे आगंतुक सिग्नलच्या, मागे घालवले होते, मुख्य सिग्नलच्या दोन्ही बाजूंना ६५ किलोहर्ट्झवर दोन छोटे कान, ६२ डीबी खाली. सर्किटमधले कपॅसिटर बदलले, ग्राउंड परत काढलं, ट्रान्झिस्टरसुद्धा बदलला. शेवटी रात्री लॅपटॉपची बॅटरी भरली म्हणून चार्जर काढला आणि कान गायब. मग हिशोब करून बघितला तर ६२ डीबी खालचे ते कान उभे राहायला ट्यूनिंगवर लागत होते फक्त १० मायक्रोव्होल्ट. १० मायक्रोव्होल्ट म्हणजे काय असतं हे मल्टिमीटरवाल्या माणसाला सांगताच येत नाही, त्याच्या मीटरचा शेवटचा आकडाही त्याहून मोठा असतो.

तेव्हापासून ट्यूनिंगसाठी मी ९ व्होल्टच्या बॅटऱ्या सिरीजमध्ये लावतो, तीन लावल्या की २७ व्होल्ट, पुढे पॉट, पॉटवर एक मोठा कपॅसिटर. बॅटरीसारखा शांत स्रोत त्या पैशात दुसरा नाही.

आणि रेझिस्टरसुद्धा आवाज करतो. हे ऐकून लोक हसतात, पण खोलीच्या तापमानाला नुसता पडलेला १० किलोओहमचा रेझिस्टर त्याच्या टोकांवर दर रूट हर्ट्झला १३ नॅनोव्होल्टच्या आसपास खुसफुस करतो. तो ट्यूनिंग पिनच्या सिरीजमध्ये लावला आणि पुढे मोठा कपॅसिटर नसला तर १० मेगाहर्ट्झ पर व्होल्टच्या व्हीसीओचा फेज नॉइज, १० किलोहर्ट्झ अंतरावर, उणे १०१ डीबीसीपेक्षा (मुख्य सिग्नलच्या तुलनेत १०१ डीबी खाली, हे एकक पुढे येतंच) चांगला येऊच शकत नाही. व्हीसीओ कितीही महागाचा आणा. म्हणून केव्हीसीओ जास्त म्हणजे चांगला व्हीसीओ असं समजू नका, दार जितकं मोठं तितके डासही जास्त. चिप बनवणाऱ्यांनी यावर तोडगा काढलाय, एक मोठा कर्व्ह घेण्यापेक्षा छोटे छोटे पुष्कळ कर्व्ह. एडीएफ४३५१ ही चिप बघा, २.२ ते ४.४ गिगाहर्ट्झ तिच्यात तीन व्हीसीओ मिळून झाकतात, प्रत्येकाचे १६ पट्टे, एकूण ४८, शेजारचे पट्टे एकमेकांवर थोडे चढलेले. असला व्हीसीओ मोजायचा म्हणजे ४८ कर्व्ह काढायचे आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठे फट राहिली नाही ना ते बघायचं, गरम असताना आणि गार असतानाही.

वरती फेज नॉइज हा शब्द येऊन गेला, आता त्याच्याकडे वळू, कारण व्हीसीओची खरी परीक्षा तीच.

आदर्श ऑसिलेटर स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरवर कसा दिसावा? लिंगाण्यासारखा, एकच सुळका. प्रत्यक्षात दिसते पर्वती, मध्ये शिखर आणि दोन्ही बाजूंना पसरलेला पायथा. हा पायथा म्हणजे ऑसिलेटर क्षणाक्षणाला थोडा पुढे-थोडा मागे होतोय त्याची खूण. रिसीव्हरमध्ये असा ऑसिलेटर लावला आणि शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर एखादं तगडं स्टेशन असलं की त्या स्टेशनवर हाच पायथा चढतो आणि तुमचं अशक्त स्टेशन त्याच्याखाली गाडलं जातं. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या ४५ मीटरच्या तीस डिश एकत्र बघतात, तिथे सगळ्यांचे ऑसिलेटर एका तालात नसतील तर तीस डिशची एक दुर्बीण होतच नाही.

पायथा मोजायचा कसा? शिखरापासून ठराविक अंतरावर, समजा १० किलोहर्ट्झवर, किती उंची आहे ते बघायचं, शिखराच्या तुलनेत. पण नॉइजची उंची तुम्ही किती रुंद खिडकीतून बघता त्यावर ठरते, खिडकी मोठी तर नॉइज जास्त दिसणार. म्हणून सगळ्यांनी ठरवलं की आकडा एक हर्ट्झच्या खिडकीचा सांगायचा, एकक डीबीसी पर हर्ट्झ. समजा शिखर ० डीबीएम (एका मिलिवॉटच्या तुलनेत डीबी), १० किलोहर्ट्झवर उणे ६२ वाचलं, खिडकी म्हणजे रिझोल्यूशन बँडविड्थ १ किलोहर्ट्झ. एक हजार हर्ट्झवरून एकावर यायचं तर ३० डीबी वजा, झालं उणे ९२. मग लॉग स्केलवर सरासरी काढली की अ‍ॅनालायझर नॉइज अडीच डीबी कमी दाखवतो म्हणून ते परत मिळवायचे, फिल्टर नावापेक्षा थोडा रुंद असतो त्याचे पाव-अर्धा डीबी काढायचे. हाती आलं जवळपास उणे ९०. अ‍ॅनालायझरमध्ये नॉइज मार्कर असेल तर हे सगळं तोच करतो, पण एकदा हाताने केलेलं बरं.

आता इथे दोन खड्डे. पहिला, अ‍ॅनालायझरच्या आतही एक ऑसिलेटर आहेच, त्याचाही पायथा आहे. तुमचा व्हीसीओ त्याच्यापेक्षा चांगला असेल तर तुम्ही अ‍ॅनालायझर मोजताय. म्हणून आधी एक चांगला क्रिस्टल ऑसिलेटर लावून बघा, त्याचा जो पायथा दिसेल तो मशीनचा समजा, आणि व्हीसीओचा त्याच्यापेक्षा किमान दहा डीबी वर असेल तरच आकडा लिहा. दुसरा, मोकळा व्हीसीओ स्वतःच भटकतो. एक स्वीप पूर्ण होईपर्यंत शिखरच पाच किलोहर्ट्झ सरकलं तर एक किलोहर्ट्झ अंतरावरचं वाचन कशाचं? मग लोक त्याला पीएलएलमध्ये बांधून मोजतात, ते चालतं, पण लूपच्या बँडविड्थच्या आत दिसतं ती राखणदाराची करामत, व्हीसीओचं खरं रूप बँडविड्थच्या बाहेरच.

यावर जुनी आणि मला सगळ्यात देखणी वाटणारी पद्धत म्हणजे डिले लाइन. दुसरा चांगला ऑसिलेटर लागतच नाही. व्हीसीओचा सिग्नल दोन भागांत वाटायचा, एक भाग थेट मिक्सरला (दोन सिग्नल एकमेकांशी ताडणारं सर्किट), दुसरा शंभर मीटर केबलमधून फिरवून आणून मिक्सरला. केबलमध्ये सिग्नलला मीटरला साधारण ५ नॅनोसेकंद लागतात, म्हणजे शंभर मीटरला अर्धा मायक्रोसेकंद. मिक्सर व्हीसीओची तुलना अर्ध्या मायक्रोसेकंदापूर्वीच्या त्याच्याच आवाजाशी करतो! दोन्हींत ९० अंशाचा फरक राहील असं जुळवून घेतलं की मधल्या वेळात फ्रिक्वेन्सी जेवढी हलली तेवढा व्होल्टेज बाहेर, तो साध्या ऑडिओ कार्डवरही बघता येतो. व्हीसीओ हळूहळू भटकला तरी बिघडत नाही कारण त्याचा जुना आवाजही त्याच्याबरोबर भटकतोच. केबल लांब केली की संवेदना वाढते पण सिग्नल केबलच खाते, आणि अर्ध्या मायक्रोसेकंदाला २ मेगाहर्ट्झ अंतरावर ही पद्धत ठार आंधळी होते, तेव्हा त्याच्या बरंच आतच थांबायचं. शंभर मीटर केबलचं वेटोळं घरात ठेवायचं कुठे हा प्रश्न वेगळा, माझं पलंगाखाली आहे.

आजची महाग मशीन क्रॉस कोरिलेशन करतात, दोन स्वतंत्र साक्षीदार ठेवायचे आणि दोघांच्या जबानीत जे समान तेच खरं मानायचं, ज्याचा-त्याचा स्वतःचा गोंधळ सरासरीत विरतो. शंभर वेळा ताडलं की मशीनचा स्वतःचा नॉइज १० डीबी खाली जातो, दहा हजार वेळा ताडलं की २० डीबी. म्हणून ती मशीन कधीकधी एका मोजणीला तासभर घेतात.

पायथ्याचा उतारही बोलतो. १९६६ मध्ये डेव्हिड लीसन यांनी याचं सूत्र मांडलं, अजूनही सगळे त्यावरच उभे आहेत. शिखराजवळ उतार तीव्र, अंतर दसपट केलं की ३० डीबी, मग २० डीबी, आणि लांब गेल्यावर सपाट मैदान. तीसचा उतार वीसचा जिथे होतो तिथपर्यंत ट्रान्झिस्टरची फ्लिकरची, म्हणजे संथ नॉइजची, कुरकुर पोचते. टाकीचा क्यू, म्हणजे एकदा घुमवली की किती वेळ घुमत राहते, तो दुप्पट केला की पायथा ६ डीबी खाली. माझ्या कोलपिट्सची बारीक तारेची कॉइल काढून जाड तारेची बसवली तेव्हा साधारण तेवढाच फरक पडला होता. आणि उताराच्या मधोमध कुठे फुगवटा दिसला तर तो व्हीसीओचा नसतो, बहुतेक वेळा ट्यूनिंगच्या दारातून कोणीतरी आत आलेलं असतं. बॅटरी लावून परत बघा.

हार्मोनिक, आउटपुट पॉवर हेही मोजतात, त्यात विशेष काही नाही, फक्त पॉवर पूर्ण रेंजभर बघा, काही व्हीसीओ टोकाला गेले की आवाजच बसतो.

ज्यांना हे वाचून हात शिवशिवतायत पण आरएफचं (रेडिओ फ्रिक्वेन्सीचं) काहीच घरी नाही त्यांनी पुण्याच्या तपकीर गल्लीतून नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सीडी४०४६ नावाची एक चिप आणा. यात कॉइल नाही, वेगळ्या जातीचा व्हीसीओ आहे, पण खोड्या सगळ्या त्याच. पिन १६ ला ५ व्होल्ट, पिन ८ आणि ५ ग्राउंडला, ६ आणि ७ च्या मध्ये १० नॅनोफॅरड, ११ वरून ग्राउंडला १०० किलोओहम, आउटपुट ४ वर, तिथे एक पिझो लावा, सूर कानाला ऐकू येतो. ट्यूनिंग पिन ९. तिथे पॉटने व्होल्टेज शून्यापासून चढवत न्या, सुरुवातीला बराच वेळ काहीच होणार नाही, कारण आतल्या ट्रान्झिस्टरला जागं व्हायलाच थोडे व्होल्ट लागतात, मग एकदम सूर चढायला लागतो. फोनवर एखादं ट्यूनर अ‍ॅप लावून पायरी-पायरीने लिहून काढा, झाला तुमचा पहिला ट्यूनिंग कर्व्ह. मग पॉट काढून ९ ला दोन पेन्सिल सेल लावा, पक्के ३ व्होल्ट, आणि सप्लाय ५ चा ६ करा. ट्यूनिंगला हातही लावलेला नाही, तरी सूर बदललेला ऐकू येईल.